पाचवी पिन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं विचारलं, तर मी आईवडिलांच्याही आधी मामांकडे बोट दाखवतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. मामा तिचेच थोरले भाऊ. वीस वर्षं हवाई दलात होते. वैमानिक नव्हे, विमानाच्या पोटाखाली आडवं होऊन चाकं, ब्रेक आणि विमान ज्यांवर उभं राहतं ते पाय तपासणारे. निवृत्त होऊन ते गोंदियाला आले, पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि दहावी झालेल्या मला दवनीवाड्याहून आपल्या दोन खोल्यांत घेऊन गेले. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. शेती धानाची. घरातले दोन हात कमी झाले तर रोवणी कशी होणार, एवढाच बाबांचा प्रश्न होता. मामा म्हणाले, "रोवनीले मी येतो. याले माह्याकडं राहू द्या." आणि पाच वर्षं ते खरोखर दुकान बंद ठेवून चिखलात उभे राहिले. मी गणितात बी.एस्सी. झालो.

मी काय केलं ते पुढे येईल. ते कुणाशी केलं, हे आधी कळलेलं बरं.

मामांच्या घरी राहताना रोज सकाळी कॉलेजला निघालो की ते दारात उभे राहत आणि एकच शब्द विचारत, "गिनती?" मी पेन, वही, पास, डबा, सायकलची चावी असं बोटांवर मोजून दाखवायचं. सगळं भरलं की ते बाजूला सरकत. एकदा माझ्या कंपासपेटीतला कर्कटक सापडेना. मामांनी दुकान उघडलं नाही. दोन्ही खोल्यांतलं सामान बाहेर काढलं, खाट उभी केली, पिठाचा डबा परातीत रिकामा केला. मी रडकुंडीला आलो होतो. मामी म्हणाल्या, "दुसरा आना ना जी, किती का लागते त्याले." मामा परातीतल्या पिठात बोटं फिरवत राहिले. दुपारी कर्कटक गुंडाळलेल्या चटईत निघाला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "विमानात राहिला असता त?"

त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या शांतपणाची मला जी भीती बसली, ती मोठा होऊन नोकरीला लागल्यावरही गेली नाही. मामांसमोर एखादी वस्तू कमी निघाली की आजही मी आधी खिसे चाचपतो.

तीन वर्षांपूर्वी मी दवनीवाड्याला पक्कं घर बांधलं. मी गोंदियाच्या एका कार्यालयात लिपिक आहे, मोटारसायकलनं जाणं-येणं करतो. घर बांधताना पुढची खोली मामांची, हे ठरलेलंच होतं. मामी गेल्यापासून ते एकटे होते. ते राहायला येवोत न येवोत, खोली त्यांच्या नावाची असावी आणि तिच्यात त्यांची वीस वर्षं दिसावीत अशी माझी फार इच्छा होती. मी त्यांची काळी लोखंडी ट्रंक मागून आणली. त्यांनी देताना झाकण उघडून सगळं मोजून दाखवलं, माझ्याकडून परत मोजून घेतलं.

ट्रंकेत होतं ते मी भिंतींवर लावत गेलो. विमानासमोर उकिडवे बसलेल्या सहा जणांचा काळापांढरा फोटो, डावीकडून तिसरे मामा. काटा कायमचा एका जागी थांबलेलं, उंची दाखवणारं गोल घड्याळ. विमानाच्या अंगाचा एक चौकोनी पत्रा, त्यावर रिव्हेटच्या सरळ ओळी. निळी टोपी. तुकडीचं कापडी चिन्ह, ते मी काचेच्या चौकटीत बसवून घेतलं. मामांनी फावल्या वेळात सागाच्या लाकडात कोरलेलं विमान छताला तारेनं टांगलं. बायको म्हणाली, "घर हाये का विमानतळ? पाहुन्याले बसाले जागा त ठेवा."

आणि पिना होत्या. हात-दीड हात लांब लाल पट्टी, तिच्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत उड्डाणाआधी काढून घेण्याची सूचना, आणि टोकाला बोटाएवढी पोलादी पिन. विमान जमिनीवर असतं तेव्हा त्याचे पाय चुकून दुमडू नयेत म्हणून त्यांत अशा पिना घालतात. उडण्याआधी त्या काढायच्या. मामांनी हे मला लहानपणीच सांगितलं होतं. सगळ्या पिना काढून झाल्या की माणूस विमानासमोर जाऊन उभा राहतो, त्या एका मुठीत धरून हात वर करतो. वैमानिक वरून मोजतो आणि अंगठा दाखवतो. मगच विमान हलतं. मोजणी पूर्ण नसेल तर आत बसलेला कितीही मोठा अधिकारी असो, विमान जागचं हलत नाही. भंगारात काढलेल्या एका विमानाच्या पाच पिना मामांच्या साथीदारांनी निवृत्तीच्या दिवशी एका लाकडी पाटीवर ओळीनं लावून त्यांना दिल्या होत्या.

त्या पाटीला वाळवी लागली होती. मी पाटी काढून टाकली आणि पिना फोटोच्या दोन्ही बाजूंना लावल्या. दोन इकडे, दोन तिकडे. पाचवी लावली की एक बाजू जड दिसे. फोटोच्या खाली लावून पाहिली, तर ती फोटोतल्या लोकांच्या पायाशी पडल्यासारखी वाटे. शेवटी पट्टी कात्रीनं आखूड केली आणि ती पिन मोटारसायकलच्या चावीला अडकवली. छान दिसत होती. ऑफिसात लोक विचारत, मी अभिमानानं सांगे, माझे मामा हवाई दलात होते.

मामा ती खोली पाहायला लगेच आले नाहीत. दुकान, रक्तदाब, ऊन, काही ना काही निघे. ते आले या वर्षीच्या मे महिन्यात, आणि तेही मी जवळजवळ उचलून आणले म्हणून. त्यांच्या पत्र्याच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, मामांनी ते पूर्ण बंद केलं होतं. सांगितलेलं काटेकोर पाळायचं, हा त्यांचा स्वभाव. दीड महिना आळणी जेवण, वर लघवी जास्त होण्याची गोळी, वर ते ऊन. आम्हाला यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त दिसलं की ते सावकाश बोलतात आणि मध्येच थांबतात.

खोलीत येऊन त्यांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. गोल घड्याळाच्या काचेवरून अंगठा फिरवला. फोटोपाशी बराच वेळ उभे राहिले. "पाटी कुठं गेली?" एवढंच विचारलं. मी वाळवीचं सांगितलं. "हं," म्हणाले. "लय झकास केलं बापू." मला तेव्हा आनंदच झाला. पाचव्या पिनेची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ते बायकोला मामींच्या नावानं हाक मारू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तेव्हा ते पलंगावर बसून फोटोकडे पाहत होते आणि ओठांत काहीतरी पुटपुटत होते. गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं आमच्या गावावरून घिरट्या घालतात. आम्हाला त्यांचं काही वाटत नाही. त्या सकाळी एक विमान घरावरून गेलं आणि मामा ताडकन उभे राहिले. मी त्यांना खाली बसवलं, संध्याकाळी दवाखान्यात नेऊ असं बायकोला सांगितलं आणि ऑफिसला निघून आलो. संध्याकाळी. हा शब्द मला अजून टोचतो.

दुपारी दोनच्या सुमाराला बायकोचा फोन आला. ती मुलीला झोपवायला मागच्या खोलीत गेली होती. "तुमी लवकर या. मामाजी घरात नाईत. भितीवरच्या लाल पट्ट्या बी नाईत."

गोंदियाहून दवनीवाडा मी एरवी पाऊण तासात गाठतो. त्या दिवशी किती वेळ लागला माहीत नाही. रस्ता उन्हानं पांढरा झाला होता. डोक्यात एकापाठोपाठ एक चित्रं येत होती. गावाबाहेरचा कालवा, त्याला उन्हाळी धानासाठी सोडलेलं पाणी. कठडा नसलेली आमच्या शेजाऱ्याची विहीर. ऊन लागून बांधावर पडलेला म्हातारा, तोंडाला कोरड. मी मोठ्यानं "मामा, मामा" म्हणत गाडी चालवत होतो आणि वाऱ्यात माझाच आवाज मला परका वाटत होता. चावीची लाल पट्टी हँडलपाशी फडफडत होती. ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला दिसत नव्हती.

आधी मी कालव्यावर गेलो. पाण्यात पाहायला पाय पुढे जाईनात. एका झुडपाला अडकलेलं पांढरं काहीतरी दिसलं आणि मी तिथेच खाली बसलो. ती खताची पिशवी होती.

तिथून वर पाहिलं तेव्हा दूरच्या बांदीत, धानाच्या एका तुकड्यात, मामा दिसले. तिथलं धान कापून झालेलं होतं, नुसता खुंटांचा पसारा, सावलीला एकही झाड नाही. त्या उघड्या बांदीच्या मधोमध ते ताठ उभे होते. उजवा हात डोक्यावर सरळ वर, मुठीतून चार लाल पट्ट्या लोंबत होत्या. ओरडत नव्हते, हलत नव्हते. वर ते छोटं विमान वळण घेत होतं, आणि मामा त्याच्याबरोबर जागच्या जागी हळूहळू फिरत होते, म्हणजे वैमानिकाला मूठ समोरून दिसावी.

गाडी बांधावर टाकून मी पळालो. सवयीनं चावी काढून हातात घेतली होती. जवळ गेलो तर त्यांचा चेहरा कोरडा पडलेला, घामाचा थेंब नाही. त्यांनी मला ओळखलं.

"चारच हायेत बापू," ते म्हणाले. "एक आतच राहिली. पोरगं वर गेलं ना. त्याले खाली बोलाव."

माझी मूठ आपोआप मिटली. पिनेचं टोक तळहाताला लागलं तेव्हा मला समजलं की माझ्या हातात काय आहे. मूठ उघडायला एक क्षण पुरला असता. पण मला समोर मामा दिसत नव्हते. पिठाचा डबा रिकामा करून परातीत बोटं फिरवणारा तो माणूस दिसत होता. त्यांची वस्तू मी कात्रीनं कापून चावीला लावली होती. मी हात पँटच्या खिशात घातला.

"मामा, चारच असतात," मी म्हणालो.

त्यांनी हात खाली घेतला आणि पट्ट्या एकेक करून मोजल्या. "पाच होत्या ना?"

"नाही मामा. पहिल्यापासून चारच."

त्यांनी पट्ट्या मुठीत गुंडाळल्या. वर विमानाचा आवाज लांब जात होता. मग म्हणाले, "तू गनिताचा बी.एस्सी. तू म्हनतं त चारच असन." आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "मग मीच चुकून राहिलो."

त्यानंतर त्यांनी काहीच विरोध केला नाही. मी धरून नेलं तसे आले. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्तातलं मीठ, सोडियम, फार उतरलंय, अजून उशीर झाला असता तर झटके आले असते. सलाईन लागलं. तीन दिवसांत मामा पूर्ण शुद्धीवर आले, वॉर्डातल्या पंख्याचा आवाज ऐकून त्याचं बेअरिंग गेलंय म्हणाले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की अशा अवस्थेत माणसाला नसलेलं दिसतं, काहीतरी हरवलंय असं वाटत राहतं, मनावर घेऊ नका. मी मान डोलावली. खिशात पिन होती.

बायकोला सगळं ठाऊक होतं. दवाखान्याच्या जिन्यात तिनं मला थांबवलं. "सांगा त्यायले. काऊन लपवून राहिले?" मी म्हणालो, बरे होऊ दे, मग सांगतो.

आमच्याकडे भाचा मानाचा. मामा वयानं कितीही मोठा असो, निरोप घेताना तो भाच्याच्या पाया पडतो. मी मामांना हे कधी करू द्यायचो नाही, ते ऐकायचे नाहीत, दर वेळी आमची थोडी झटापट व्हायची आणि मामी हसायच्या. दवाखान्यातून त्यांना त्यांच्या खोलीवर सोडलं तेव्हा ते वाकले. मी अडवायला हात पुढे केला, पण त्यांना धरलं नाही. त्यांची बोटं माझ्या पायांना लागली. त्या क्षणी वाटलेली भीती कालव्यावरच्या भीतीपेक्षा मोठी होती. कालव्यावर मी त्यांना गमावेन असं वाटलं होतं. इथे ते समोर होते, आणि पिन माझ्या खिशात.

जूनमध्ये मला एकेक गोष्ट कळत गेली. दुकानात आलेले पंप ते परत पाठवत होते. शेवटचा बोल्ट घट्ट केला की नाही याची खात्री वाटत नाही म्हणत. गॅस बंद केला का ते पाहायला शेजारच्या बाईंना बोलावत. रोजच्या गोळ्या औषधवाल्याकडून पुड्या बांधून आणत, कारण "मले मोजता येत नाई आता." मी फोनवर आमच्याकडे चला म्हटलं. ते म्हणाले, "तुह्या घरी लेकरू हाये बापू. माह्या हातून काई राहून गेलं त?"

गेल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं की नागपूरला अशी जागा आहे का, जिथे विसराळू म्हाताऱ्यांना नजरेखाली ठेवतात. मी म्हणालो, पाहतो. दोन दिवसांनी त्यांनीच सांगितलं की दुकानातल्या एका जुन्या गिऱ्हाईकाकरवी त्यांनी जागा पाहिली आहे आणि पुढच्या सोमवारी जाणार आहेत. आवाज तोच, शांत. मी ऑफिसच्या व्हरांड्यात फोन धरून उभा होतो. वीस वर्षांत एकही पिन विमानात न विसरलेला माणूस स्वतःला धोकादायक समजून घर सोडून चालला होता, आणि त्या समजुतीला असलेला एकमेव पुरावा म्हणजे बांदीतलं माझं वाक्य.

मी त्या संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. दुसऱ्या दिवशीही गेलो, आणि भाजीवाल्याशी बोलत उभा राहिलो. तोंडानं मला जमणार नाही हे कळलं. मग आठवलं की मामा तोंडी सांगितलेलं धरतच नसत. त्यांच्या नोकरीत काय बिघडलं, काय सापडलं, कुणाच्या चुकीनं झालं, हे कागदावर लिहून खाली नाव घालावं लागे, आणि वाचणाऱ्यानं सही करावी लागे. त्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानत नसत. मी आमच्या घरातल्या मामांच्या खोलीत लिहायला बसलो. चार पिना परत भिंतीवर लावल्या होत्या, दोन इकडे, दोन तिकडे. बायको चहा ठेवून गेली आणि दार ओढून घेतलं. हे पत्र मी बुधवारी पोस्टात टाकलं.

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. तुम्ही मला तुमच्या पाया पडू देत नाही. कागदावर अडवता येणार नाही, म्हणून इथे पडतो.

पिना पाच आहेत. चार नाहीत. ट्रंक दिलीत तेव्हा तुम्ही मोजल्या होत्या आणि मीही मोजल्या होत्या. पाचवी मी भिंतीवर लावली नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या दिसत नव्हत्या. तिची पट्टी कापून मी ती गाडीच्या चावीला लावली. तुम्ही बांदीत मला विचारलंत तेव्हा ती माझ्या उजव्या हातात होती. ती मी खिशात घातली आणि चारच असतात असं सांगितलं. ते खोटं होतं आणि ते खोटं आहे हे मला बोलताना माहीत होतं.

तुमचं सोडियम उतरलं होतं हे खरं. वरचं विमान तुमच्या तुकडीचं नव्हतं हेही खरं. पण तेवढ्या भ्रमात, तेवढ्या उन्हात, तुम्ही गिनती बरोबर केली होती. एक पिन कमी होती. चूक मोजणाऱ्याची नव्हती. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. मी तुम्हाला घाबरलो, म्हणून दीड महिना तुम्ही स्वतःला घाबरून राहिलात.

कापलेली पट्टी जोडता येत नाही. पिन तशीच या पाकिटात घातली आहे. ती मिळाली की मोजा. चार माझ्या भिंतीवर, एक तुमच्या हातात.

सोमवारी सकाळी मी येतो. नागपूरला जायचं असेल तर नेऊन सोडेन, इकडे यायचं असेल तर इकडे. मला दारातूनच परत जा म्हणालात तरी जाईन. पण ठरवण्याआधी गिनती करा.

या कागदाची खालची अर्धी बाजू तुमच्या सहीसाठी मोकळी सोडली आहे.

तुमचा भाचा